जुना कॉम्प्युटर, नवा कॉम्प्युटर आणि आपला हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली. त्या आधीपासून आणि त्यानंतर तर जास्तच, एक प्रश्न मला सतत विचारला जातो. पालकसभेत, लग्नाच्या दावतीत, कोंढव्याच्या रिक्षा स्टँडवर. ‘‘मॅडम, घरातला कॉम्प्युटर जुना झालाय. दुकानदार म्हणतो, याच्यावर विंडोज ११ चढत नाही, नवा घ्या. काय करू?’’ मी काही कॉम्प्युटरची इंजिनिअर नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. पण शाळेत प्रश्नपत्रिका टाईप करण्यापासून सरकारी पोर्टलवर माहिती भरण्यापर्यंत सगळं याच यंत्रावर करावं लागतं, त्यामुळे त्याची थोडी ओळख झाली आहे. आणि मला वाटतं, हा प्रश्न फक्त यंत्राचा नाही. पैशाचा आहे, भाषेचा आहे, घरातल्या मुलींचा आहे आणि थोडासा आपल्या दीनचाही आहे.

माझं मत आधीच सांगते. आपल्यासारख्या बहुतेक घरांनी आणि शाळांनी आधी दुरुस्ती करावी, जुन्याला बळ द्यावं. नवा घ्यावा तो खरंच गरज असेल तेव्हा. आणि कर्जावर तर घाईने अजिबात घेऊ नये.

जुना म्हणजे निकामी नव्हे

विंडोज १० ‘बंद’ झालं म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला, असा समज बऱ्याच जणांचा झालेला दिसतो. तसं नाही. सुरक्षेची नवी दुरुस्ती येणं थांबलं, एवढंच. यंत्र पूर्वीसारखंच चालतं, पण इंटरनेटवर त्याला धोका वाढत जातो. म्हणून काही न करता तसंच वापरत राहणं बरोबर नाही, विशेषतः त्यावरून बँकेचे व्यवहार होत असतील तर. पण उपाय नवा कॉम्प्युटर हा एकच नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनेच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर ती पैसे न देताही मिळते. शिक्षणसंस्थांना तर पहिल्या वर्षासाठी एका यंत्रामागे एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार, असा दर आहे. किती मुख्याध्यापकांना हे कुणी सांगितलं? विकणारा सांगणार नाही. त्याचं पोट नव्या यंत्रावर आहे, त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. विचारायचं काम आपलं आहे.

विंडोज ११ ला काय लागतं तेही समजून घ्यावं. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं यंत्र २०१८ किंवा त्यानंतरचं असेल तर अनेकदा टीपीएम आत असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती चालू केली की काम होतं. एक रुपयाही लागत नाही. दुकानात जाण्याआधी हे एकदा बघून घ्या.

आता ‘हळू चालतो’ या तक्रारीबद्दल. ऑफिसकाम, अभ्यास, यूट्यूबवरचे धडे, ऑनलाइन फॉर्म, एवढ्या कामाला दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही पुरतो. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क. आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावरून माहिती शोधत सुई सरकत राहते. तिच्या जागी एसएसडी बसवली की चालू व्हायला पाच मिनिटं घेणारा कॉम्प्युटर अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो. दुसरी अडचण रॅमची. दोन किंवा चार जीबीवर आजचा ब्राउझर धापा टाकतो, आठ जीबी झाली की सुखाने चालतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरना ती प्रचंड प्रमाणात लागते आहे. पण त्यामुळे नवे लॅपटॉपही महागले आहेत, म्हणजे तुलना तीच राहते. शिवाय जुन्या यंत्रांना लागणारी रॅम सेकंड हँड बाजारात मिळते.

काही दुखणी तर फारच किरकोळ असतात. एका शाळेत ‘कोणतीच वेबसाइट उघडत नाही’ म्हणून कॉम्प्युटर कोपऱ्यात टाकून दिलेले मी पाहिले आहेत. कारण होतं मदरबोर्डवरचा गोल सेल. तो संपला की कॉम्प्युटरची तारीख मागे जाते आणि तारीख चुकीची असली की वेबसाइटची सुरक्षा तपासणी नापास होते. सीआर-२०३२ नावाचा हा सेल वजनकाट्यातही वापरतात, आणि तो वडापाव-चहाच्या पैशांत येतो. पंख्यात साचलेली धूळ, वाळून गेलेली थर्मल पेस्ट, थकलेला पॉवर सप्लाय हेही असेच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कॅम्पात जाणता कारागीर गाठला, तर तो अर्ध्या तासात नाडी ओळखतो.

दुरुस्ती आपल्या हाडात होती

आपल्या शहरातल्या मुसलमानांचं पोट मोठ्या प्रमाणात दुरुस्तीवर चाललेलं आहे. नाना पेठेतले गाड्यांचे मेकॅनिक, कल्हईवाले, शिलाई मशीन, स्टोव्ह, घड्याळ, रेडिओ दुरुस्त करणारे. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी आजही कुणीतरी एखाद्या यंत्राचा एक स्क्रू शोधत फिरताना दिसतो. मोबाईल दुरुस्त करणारी आपली किती पोरं गल्लोगल्ली बसलेली आहेत. ज्या समाजाने दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करून घर चालवलं, तोच स्वतःच्या घरात मात्र ‘नवं घेतल्याशिवाय इज्जत नाही’ असं मानायला लागला, ही गंमत नाही, नुकसान आहे.

सीरतच्या पुस्तकांत हजरत आयेशा (रजि.) यांच्या हवाल्याने येतं की पैगंबर (स.) आपली चप्पल स्वतः सांधत, कपड्याला ठिगळ स्वतः लावत. आपण ही गोष्ट सादगीचं उदाहरण म्हणून बयानात ऐकतो आणि विसरतो. तिच्यात एक व्यवहारही आहे. वस्तू ही अमानत आहे. तिचा जीव असेपर्यंत तिला वापरणं हा तिचा हक्क आहे. ‘इस्राफ’ म्हणजे फक्त शादीत बिर्याणी वाया घालवणं नव्हे. चार वर्षांचा चालता कॉम्प्युटर शेजाऱ्याने नवा घेतला म्हणून काढून टाकणं हाही इस्राफच.

आणि टाकलेला कॉम्प्युटर जातो कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन पुनर्वापरात गेला. आपल्या देशात उरलेल्या कचऱ्याचा मोठा भाग भंगारवाल्याकडून दिल्लीच्या सीलमपूर, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी पोचत आला आहे. तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सर्किट बोर्ड तेजाबात बुडवले जातात. हे काम करणारे हात बहुतांशी गरीब वस्त्यांमधले, आणि त्यात मुसलमान कारागीर, बायका, मुलं मोठ्या संख्येने. म्हणजे आपल्या हौसेचा धूर शेवटी आपल्याच कुणाच्या तरी छातीत जातो. कायदा आहे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि कंपन्यांवर जबाबदारी टाकली गेली. पण कायदा पोचेपर्यंत आपण निदान टाकण्याची घाई कमी करू शकतो.

हप्त्याचा मोह

आता पैशाचं. आपल्यात सूद टाळणारी घरं बरीच आहेत. ती बँकेच्या कर्जाला हात लावत नाहीत, पण दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी बघून निर्धास्त होतात. व्याजच नाही म्हटल्यावर हराम कुठे आलं? पण जरा बिल वाचा. रोखीने घेतलं असतं तर मिळणारी सूट इथे मिळत नाही. प्रोसेसिंग फी वेगळी. अनेक योजनांत आधी व्याज लावून तेवढीच रक्कम सूट म्हणून दाखवतात, आणि त्या व्याजावरचा जीएसटी मात्र गिऱ्हाईकच भरतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, व्याज कुठेतरी लपलेलं असतं. फतवा देणं माझं काम नाही, ते उलेमांचं. पण व्याजापासून दूर राहायचं ज्यांनी ठरवलं आहे त्यांनी निदान समजून-उमजून सही करावी.

आणि सूद बाजूला ठेवला तरी हिशेब तोच सांगतो. रिक्षा चालवणाऱ्या किंवा टेलरिंग करणाऱ्या घराला महिन्याचा हप्ता बारा-पंधरा महिने अडकवतो. मधे कुणी आजारी पडलं की हप्ता चुकतो. त्यापेक्षा दोन-चार हजारांची दुरुस्ती रोखीने करून घ्यावी, आणि हप्त्याइतकी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकावी. वर्ष-दीड वर्षाने खरोखर नवा लागलाच, तर पैसे हातात असतील आणि भाव करायची ताकदही.

माझा ढोबळ नियम असा: दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल आणि त्यानंतर यंत्र किमान तीन वर्षं चालेल असा भरवसा असेल, तर दुरुस्ती. मदरबोर्ड जळला असेल, लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल आणि मूळ भाग मिळत नसेल, किंवा यंत्र इतकं जुनं असेल की त्याला रॅमच सापडत नाही, तर मोह सोडावा. तिथेही मधला रस्ता आहे. पुण्यातल्या आयटी कंपन्या तीन ते पाच वर्षांनी आपली यंत्रं बदलतात. ती नीटनेटकी करून, वॉरंटी देऊन विकणारे व्यापारी आहेत. अशा यंत्राचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या पुढचा आहे का आणि बिल मिळतं का, या दोन गोष्टी बघितल्या तर सौदा वाईट नसतो.

नवाच घ्यावा असेही प्रसंग आहेत. मुलगी इंजिनिअरिंगला किंवा आर्किटेक्चरला गेली, तिला ड्रॉइंगची जड सॉफ्टवेअर लागतात, किंवा ती हॉस्टेलवर राहणार आहे, तर तिला जुना डबा देऊ नका. तिथे कंजूषी म्हणजे सादगी नव्हे. बीकॉमच्या मुलाला गेमसाठी महागडा लॅपटॉप आणि बीटेकच्या मुलीला ‘भाईचा जुना’, असे निवाडे मी घरांमध्ये पाहिले आहेत. गरज बघून द्या, बेटा-बेटी बघून नको.

भाषा कुठे राहते?

जुना कॉम्प्युटर बदलताना उर्दू आणि मराठीवाल्यांना एक जादा काळजी असते, जी इंग्रजीवाल्यांना नसते. आपलं लिखाण त्या यंत्रात कैद असतं.

उर्दूची नस्तालीक लिपी संगणकावर आणणं सोपं नव्हतं. अक्षरं तिरकी उतरतात, शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलतात. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी अठरा-वीस हजार जोडरूपं तयार केली, तेव्हा १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आली आणि कातिबांच्या हातून निघणारं वर्तमानपत्र यंत्रावर जुळू लागलं. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणलं आणि उर्दूचं सगळं जग त्यावर गेलं. मदरशांच्या पावत्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मुशायऱ्यांच्या पत्रिका, शायरांचे दिवान, सगळं इनपेजमध्ये. मराठीचंही तसंच. इथे पुण्यातच सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झालं, त्याचं लीप ऑफिस आणि आयएसएम अनेक कार्यालयांत होतं. श्री-लिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही पुण्याचीच. या सगळ्यांनी भाषेची मोठी सेवा केली. पण जुन्या फाइली त्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सांकेतिक पद्धतीत आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांऐवजी कचरा दिसतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातलं लिखाण बाहेर काढा. इनपेजच्या नव्या आवृत्तीतून मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. श्री-लिपीसाठीही रूपांतराची साधनं आहेत. तेवढं जमत नसेल तर निदान प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा. आणि पुढचं लिखाण युनिकोडमध्येच करा. विंडोज ८ पासून उर्दू नस्तालीकचा फाँट विंडोजमध्येच येतो, गुगलचा नोटो नस्तालीक फुकट आहे, जमील नूरी नस्तालीकही सहज मिळतो. मराठीला तर काही अडचणच नाही. आपल्या वस्त्यांमध्ये कितीतरी बुजुर्ग लेखक-शायर आहेत, ज्यांची हस्तलिखितं टाईप झाली, पण पुस्तक निघालं नाही. ते सगळं कुठल्यातरी पोटमाळ्यावरच्या हार्ड डिस्कमध्ये पडलं आहे. वारसांनी दोनशे रुपयांत भंगाराला दिलं की विषय संपला.

शाळेची कॉम्प्युटर लॅब

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते शाळांबद्दल. समजा, एका उर्दू शाळेच्या लॅबमध्ये बारा जुनी यंत्रं आहेत. दोन-तीन चालतात, बाकी झाकून ठेवलेली. संस्थेकडे एखाद्या दात्याचा निधी आला. बहुतेक वेळा ठराव होतो की सगळी काढून टाका, तीन नवीन घ्या, एक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. उद्घाटनाचा फोटो चांगला येतो. पण हिशेब करा. अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात तीन यंत्रं म्हणजे एकामागे सोळा मुलं. एक जण माऊस धरणार, पंधरा जण मान उंचावून बघणार. त्याच पैशांत बारा यंत्रांना एसएसडी आणि रॅम बसली, तर एकामागे चार मुलं. प्रत्येकाला तासाभरात पंधरा मिनिटं हातात यंत्र मिळतं. शिकणं त्या पंधरा मिनिटांत होतं, उद्घाटनाच्या फोटोत होत नाही.

विंडोज ११ चढत नाही? मग लिनक्स घाला. केरळच्या सरकारी शाळा दीड-दोन दशकांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत आणि तिथली मुलं कुठे मागे पडलेली नाहीत. लिनक्स मिंट जुन्या यंत्रावर हलकं चालतं, लिबर ऑफिसमध्ये उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी चारही भाषा लिहिता येतात. शिवाय क्रॅक केलेलं विंडोज वापरायची वेळ येत नाही. मुलांना आपण ‘चोरी करू नका’ शिकवतो आणि लॅबमध्ये चोरीचं सॉफ्टवेअर घालतो, हे विसंगत आहे. एमएस-सीआयटी किंवा सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्यांना विंडोजची सवय लागते, हे खरं. त्यासाठी दोन-तीन यंत्रांवर रीतसर विंडोज ठेवा. बाकीच्यांवर मुलांना मोकळं सोडा.

आणि ती लॅब यू-डायस, सरल, शालार्थच्या कामापुरती उघडू नका. यंत्र बिघडेल म्हणून मुलांना हात लावू न देणं हा सगळ्यात महागडा इस्राफ आहे. कुलूपबंद कॉम्प्युटरही जुना होतोच.

दात्यांनाही एक विनंती. कार्यालयातले बंद पडलेले कॉम्प्युटर शाळेला किंवा मदरशाला ‘सदका’ म्हणून पाठवू नका. जी वस्तू आपल्याला कुणी दिली तर आपण नाक मुरडू, ती अल्लाहच्या नावाने दुसऱ्याला देऊ नये, या अर्थाची ताकीद कुरआनात आहे. द्यायचं असेल तर दुरुस्त करून, चालवून बघून द्या. जमल्यास वर्षभराच्या देखभालीचे पैसेही द्या. तो खरा सदका-ए-जारिया. आणि देण्याआधी किंवा विकण्याआधी आपली हार्ड डिस्क काढून घ्या किंवा पूर्ण पुसून घ्या. नुसतं डिलीट केल्याने काही जात नाही. आधार कार्ड, निकाहनामा, घरातल्या बायकांचे फोटो कुणाच्या हातात पडतील ते सांगता येत नाही.

मुलींसाठी डेस्कटॉप

शेवटचा मुद्दा माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचा आहे. ‘आता मोबाईल आहे, कॉम्प्युटर हवा कशाला?’ असं अनेक वडील म्हणतात. पण मोबाईल कुणाच्या खिशात असतो? अब्बांच्या किंवा भाईच्या. ते घराबाहेर पडले की मोबाईलही गेला. मुलीचा अभ्यास, स्कॉलरशिपचा फॉर्म, प्रवेशाची यादी, सगळं ते परत येईपर्यंत थांबतं. डेस्कटॉप मात्र कुणाच्या खिशात मावत नाही. तो घरातच राहतो, आणि घरात कोण असतं? मुलगी. दुपारी सगळे कामावर गेल्यावर ती त्याच्यासमोर बसू शकते, टाईप करू शकते, चुकू शकते, परत करू शकते. मोबाईलवर बघता येतं, पण निबंध लिहिणं, हिशेबाचा तक्ता करणं, प्रोग्रॅम लिहिणं हे कीबोर्डवरच जमतं. आणि रोजगार बघण्यात नाही, करण्यात आहे.

म्हणून ‘जुना काढून नवा लॅपटॉप घेऊ’ असं घरात ठरत असेल तर दोन प्रश्न विचारा. नवा कोण वापरणार, आणि जुना कुठे जाणार? नवा लॅपटॉप मुलाच्या बॅगेत आणि जुना भंगारात, असं उत्तर असेल तर थांबा. एसएसडी आणि रॅम घालून तो जुना मुलीच्या टेबलावर ठेवा. दोन-चार हजारांत एका घरात एक जास्तीचं शिकणारं डोकं तयार होणार असेल, तर मला तरी याहून चांगला सौदा माहीत नाही.